हिवाळी मोहिमा नेणाऱ्या संस्थांना खुले पत्र: परत फिरण्याच्या अटी आधी लिहा

प्रति,
हिवाळ्यात बर्फाळ पर्वतांत पदभ्रमण, शिखरचढाई आणि स्की-भ्रमंती आयोजित करणाऱ्या सर्व संस्था, मंडळे आणि त्यांचे गटनायक

सप्रेम नमस्कार.

येत्या हंगामाची तुमची वेळापत्रके जाहीर होऊ लागली आहेत. निघण्याची तारीख, मुक्कामाची ठिकाणे, शिखरावर पोहोचण्याचा दिवस, सोबत आणायच्या कपड्यांची यादी, सगळे त्यात व्यवस्थित असते. कोणत्या परिस्थितीत गट अर्ध्या वाटेवरून परत फिरेल, हे मात्र जवळजवळ कुठेच लिहिलेले नसते. हे पत्र त्याबद्दल आहे. परत फिरण्याच्या अटी पैसे घेण्याआधी, नकाशासमोर बसून, आकड्यांत लिहाव्यात आणि प्रत्येक सहभागीला वाचायला द्याव्यात, अशी आमची मागणी आहे.

हिमस्खलन म्हणजे वरून अचानक कोसळणारे संकट, त्यापुढे माणसाचे काही चालत नाही, असे बरेच आयोजक सहभागींना सांगतात. डोंगरपायथ्याच्या वस्त्या आणि रस्ते यांच्या बाबतीत ते बरेचसे खरे आहे. पण हौसेने डोंगरात गेलेल्यांचे जे जीवघेणे अपघात होतात, त्यांतल्या सुमारे ९० टक्के अपघातांत हिमस्खलन सुरू होते ते अडकलेल्या माणसाच्या किंवा त्याच्याच गटातल्या कुणाच्या तरी वजनाने. बर्फ किती पडेल हे कुणाच्याच हातात नाही. कोणत्या उतारावर, कोणत्या दिवशी, किती जणांना न्यायचे, हे मात्र पूर्णपणे तुमच्या हातात आहे.

सर्वाधिक बळी घेणारा प्रकार स्लॅबचा. वर एकसंध जमलेला बर्फाचा थर, त्याखाली कमकुवत थर आणि त्याखाली जुना पृष्ठभाग, अशी त्याची रचना असते. कमकुवत थर बनतो तो बहुतेकदा छान, निरभ्र हवेत. बर्फ पातळ असतो, हवा अतिशय थंड असते. जमिनीलगतचा बर्फ शून्य अंशाच्या आसपास राहतो आणि वरचा भाग गारठत जातो. दर १० सेंटिमीटर जाडीमागे तापमानात १ अंशाहून जास्त फरक पडू लागला, की बर्फातली वाफ खालून वर सरकते आणि कणांचे टोकदार, एकमेकांना न चिकटणारे, साखरेसारखे दाणे होतात. मुठीत घट्ट दाबले तरी त्यांचा गोळा होत नाही. पुढे त्यांच्यावर नवा बर्फ साचतो आणि हा थर कित्येक आठवडे दिसेनासा होतो. म्हणून ‘यंदा बर्फ कमी आहे, तेव्हा धोकाही कमी’ हा हिशेब चुकीचा आहे. पातळ बर्फाचा थंड हिवाळा अनेकदा जास्त दगा देतो, कारण वरचा थर पातळ असला की माणसाचे वजन कमकुवत थरापर्यंत सहज पोहोचते.

एका पावलाखाली तो थर मोडला, की मोड स्लॅबखालून आडवी पळत जाते आणि पाहता पाहता अख्खा उतार सुटतो. तडा बऱ्याचदा तुमच्या वरच्या बाजूला पडतो, म्हणजे तुम्ही सरकत्या बर्फाच्या मधोमध सापडता. ही मोड सपाटीवरूनही सुरू होऊ शकते. पायथ्याशी सपाट जागेवर चालणारा गट वरचा तीव्र उतार स्वतःवर ओढवून घेऊ शकतो. ‘आमची वाट दरीतून जाते, उतारावर आम्ही चढतच नाही’ हे उत्तर त्यामुळे पुरेसे नाही. वाटेच्या डोक्यावर काय आहे, हे नकाशात पाहावेच लागते.

आता कोन. स्लॅब प्रकारची हिमस्खलने प्रामुख्याने ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर सुटतात, आणि त्यातही ३८ अंशांच्या आसपास सर्वाधिक. डोळ्यांच्या अंदाजावर इथे विसंबता येत नाही. खालून पाहताना एक दिसते, वरून पाहताना दुसरेच. १:२५,००० प्रमाणाच्या नकाशावर समोच्च रेषा २० मीटरच्या असतील, तर ३० अंशांवर दोन रेषांतले अंतर सुमारे १.४ मिलिमीटर भरते. त्याहून दाट रेषा म्हणजे त्याहून तीव्र उतार. १:५०,००० च्या नकाशावर तेच अंतर ०.७ मिलिमीटर होते, आणि इतक्या बारीक अंतरात लहानसा कडा सहज लपतो. नियोजनाला मोठ्या प्रमाणाचा नकाशा हवा तो यासाठी.

प्रत्यक्ष उतारावर कोनमापक नसेल, तर सारख्या लांबीच्या दोन काठ्या पुरतात. एक काठी टोक वर आणि मूठ खाली अशी, सरळ उताराच्या दिशेने बर्फात दाबा म्हणजे तिचा ठसा उमटेल. टोक जागेवरच ठेवून मूठ वर उचला. दुसरी काठी पहिलीच्या मुठीला लावून सरळ खाली लोंबू द्या आणि पहिली काठी हळूहळू वर-खाली करून लोंबत्या काठीचे टोक बर्फाला टेकवा. ते टोक ठशाच्या खालच्या कडेवर बरोबर टेकले, तर उतार ३० अंशांचा. ठशाच्या पुढे, खालच्या बाजूला टेकले, तर १२० सेंटिमीटरच्या काठीला दर १० सेंटिमीटरमागे सुमारे ३ अंश वाढवा. याला अर्धा मिनिटही लागत नाही, आणि गटातल्या प्रत्येकाला ते यायला हवे. मोजमाप मात्र सुरक्षित, सौम्य कडेवरून करावे. मोजण्यासाठी संशयास्पद उतारावर जायचे नाही.

कोन कळला की तो हिमस्खलनाच्या अधिकृत सूचनापत्रकात दिलेल्या धोक्याच्या पातळीशी जोडायचा. युरोपात १९९३ पासून पाच पातळ्यांची समान मोजपट्टी वापरली जाते आणि इतरत्रही पाच पातळ्यांचीच पद्धत रूढ आहे: कमी, मध्यम, लक्षणीय, तीव्र, अतितीव्र. तिसरी पातळी मधोमध दिसते म्हणून ती ‘सरासरी’ आहे असे समजून गट निघतात. इथेच घात होतो. पातळ्यांमधला धोका एकसारख्या पायऱ्यांनी वाढत नाही, प्रत्येक पायरीला तो कितीतरी पटींनी वाढतो. चौथ्या-पाचव्या पातळीला माणसे घरी थांबतात. तिसऱ्या पातळीला आकाश निळे असते, कोवळा बर्फ खुणावत असतो आणि एकटा माणूस स्लॅब सोडवू शकतो. बळींचा मोठा हिस्सा याच पातळीला जातो.

स्विस गिर्यारोहण मार्गदर्शक वेर्नर मुंटर यांनी या दोन गोष्टी जोडून सोपा नियम दिला: दुसऱ्या पातळीला ४० अंशांच्या खाली राहा, तिसऱ्या पातळीला ३५ च्या खाली, चौथ्या पातळीला ३० च्या खाली. कोन घ्यायचा तो उताराच्या सर्वांत तीव्र भागाचा, वाटेच्या सरासरीचा नव्हे. दुसऱ्या पातळीला वाटेच्या आसपासचा पट्टा पाहणे चालते. तिसरीला अख्खा उतार पाहावा लागतो. चौथीला वरून सुटलेला बर्फ जिथवर पोहोचेल तो सगळा टापू हिशेबात धरावा लागतो. सूचनापत्रकात ज्या दिशांचे आणि उंचीचे उतार जास्त धोक्याचे म्हणून दिलेले असतात, त्यांना अर्थातच आणखी लांब ठेवायचे. हा नियम अनुभवी माणसाला जाचक वाटतो. पण अनोळखी वीस जणांची जबाबदारी खांद्यावर असलेल्या गटनायकाने याहून सैल नियम लावावा असे एकही कारण आम्हाला दिसत नाही. ज्या प्रदेशात अधिकृत सूचनापत्रक निघत नाही किंवा मिळत नाही, तिथे ३० अंश ही सरसकट मर्यादा ठेवा.

पत्रक सकाळचे असते, डोंगर दिवसभर बदलतो. म्हणून अटींमध्ये जागेवर दिसणाऱ्या खुणाही हव्यात. आजूबाजूच्या तशाच दिशेच्या उतारावर ताजे हिमस्खलन दिसले, पायाखालून ‘धप्प’ असा पोकळ आवाज येऊन बर्फ खचला, पावलापासून तडे पळत गेले, तर त्या दिवशी ३० अंशांवरच्या उताराचा विषय संपला. या तीन खुणांवर चर्चा नको. २४ तासांत ३० सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त नवा बर्फ, बर्फावर पाऊस, तापमानात झपाट्याने वाढ, याही तितक्याच गंभीर. आणि वारा. बर्फ पडत नसतानाही वारा एका बाजूचा बर्फ खरवडून धारेपलीकडच्या आडोशाला रचतो. आकाश स्वच्छ असताना काही तासांत तिथे जाड स्लॅब तयार होतो. धारेवरून बर्फाचे झोत उडताना दिसले, की पलीकडच्या उतारावर आत्ता भर पडत आहे असे समजा. धारेच्या कडेवर बाहेर झुकलेले बर्फाचे छज्जे असतात. ते वाटते त्याहून बरेच आतून तुटतात, त्यामुळे चालायचे ते वाऱ्याच्या बाजूने, कडेपासून चांगलेच लांब.

वसंताच्या तोंडावर गणित वेगळे होते. रात्री आकाश उघडे राहून बर्फ कडक गोठला असेल, तर पहाटेचे काही तास चांगले मिळतात. रात्र ढगाळ गेली असेल तर तेही मिळत नाहीत. उन्हाने बर्फ ओला होऊन पाय घोट्याच्या वर रुतू लागला, की त्या उतारावरून आणि त्याच्या खालूनही निघायची वेळ झाली. ‘सकाळी आठला नाश्ता, नऊला प्रस्थान’ हे वेळापत्रक त्या दिवसांत चालणारे नाही.

बर्फात खड्डा खणून केलेल्या चाचण्यांबद्दल थोडे स्पष्ट बोलू. उताराला आडवा ९० सेंटिमीटर रुंद आणि उताराच्या दिशेने ३० सेंटिमीटरचा असा स्तंभ मोकळा करून त्याच्या एका टोकावर फावडे ठेवायचे आणि दहा टिचक्या मनगटातून, दहा कोपरातून, दहा खांद्यातून मारायच्या. मोड एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत त्याच किंवा लगेचच्या टिचकीला पळाली, तर उतार वाईट. ही चाचणी उपयोगाची आहे, पण ‘जाऊ नका’ सांगण्यापुरती. पन्नास मीटर पलीकडे थरांची रचना वेगळी असू शकते, त्यामुळे एका चांगल्या खड्ड्याने ‘जा’ अशी परवानगी मिळत नाही. गटनायक खड्डा खणून सगळ्यांना दाखवतो आणि मग आधीच ठरलेल्या वाटेने निघतो, हा प्रकार थांबायला हवा.

आता तुमच्या कारभाराकडे येतो, कारण अडचणीचे मूळ बर्फाइतकेच तिथेही आहे. संशोधक इयन मॅककॅमन यांनी १९७२ ते २००३ या काळातल्या अमेरिकेतल्या ७१५ हिमस्खलन अपघातांचा अभ्यास केला. बळी पडलेल्यांना धोक्याचे शिक्षण नव्हते असे नाही. अनेकांना होते, आणि खुणाही समोर होत्या. ओळखीचा उतार, ठरलेले ध्येय सोडवत नाही ही ओढ, जाणकार समजल्या जाणाऱ्या माणसावर भार टाकणे, दुसऱ्यांच्या पाऊलखुणा दिसणे, आपल्याआधी कुणी जाऊ नये ही घाई, यांनी निर्णय बिघडतात असे त्यांनी दाखवले. आता तुमची एखादी मोहीम पाहा: ठरलेली तारीख, आगाऊ भरलेले पैसे, शिखर गाठले तरच मिळणारे प्रमाणपत्र, मागच्या तुकडीची ताजी वाट, आणि ‘सर आहेत ना’ म्हणून प्रश्न न विचारणारे पंचवीस जण. या सगळ्या ओढी तुम्ही एका गटात स्वतःच्या हाताने गोळा करता. मग त्या गटनायकाने दुपारी एक वाजता, शिखर दिसत असताना, एकट्याने ‘परत फिरा’ म्हणावे अशी अपेक्षा ठेवता. हे त्याच्यावर अन्यायाचे आहे.

म्हणून पैशांचा नियम बदला. धोक्यामुळे बेत बदलला तर सहभागीला पुढच्या तारखेची किंवा परताव्याची सोय हवी आणि गटनायकाचे मानधन शिखराशी जोडलेले नको. प्रत्येक दिवसासाठी ३० अंशांच्या खाली राहणारी एक पर्यायी वाट आधीच आखलेली असू द्या. शिखर नाही तर काहीच नाही, असे असले की माणसे शिखराकडेच जातात. प्रमाणपत्र द्यायचेच असेल तर ते बीकनच्या (गाडलेला माणूस सापडावा म्हणून अंगावर बांधायच्या रेडिओ-यंत्राच्या) शोधाचे आणि कोन मोजण्याचे द्या.

गटाचा आकारही कमी करा. धोक्याच्या भूभागात एका गटनायकामागे सहापेक्षा जास्त माणसे नसावीत, असे आमचे मत आहे. माणसे वाढली की अंतर राखले जात नाही, आवाज पोहोचत नाही, आणि मधल्या माणसाला दिसलेली खूण पुढच्यापर्यंत जात नाही. ३० अंशांच्या वरच्या चढणीवर किमान १० मीटरचे अंतर ठेवले तर बर्फावरचा भार विभागतो. खरोखर शंकेच्या पट्ट्यात मात्र एका वेळी एकच जण जाईल आणि बाकीचे सोंडेवर, दाट जंगलात किंवा बर्फ वाहून येणार नाही अशा उंचवट्यावर थांबून त्याच्यावर नजर ठेवतील. घळीच्या तोंडाशी थांबून फोटो काढणे बंद. घळीत थोडासा बर्फ आला तरी तो खाली खोल साचतो.

तंबूच्या जागेचीही अट हवी. तळावरून कोनमापक लावून वरच्या सुटणाऱ्या उताराच्या माथ्याकडे पाहा. तो कोन २५ अंशांहून जास्त भरला तर जागा बदला; फार मोठी हिमस्खलने तर १८ अंशांच्या आसपासही पोहोचतात. एकाच बाजूच्या फांद्या मोडलेली झाडे किंवा जंगलात मधेच फक्त कोवळ्या झाडांचा पट्टा दिसला, की तिथून बर्फ येऊन गेलेला आहे.

साहित्याबद्दल. बीकन, प्रोब (बर्फात खुपसून गाडलेला माणूस चाचपायची लांब काठी) आणि फावडे ही तिन्ही प्रत्येकाकडे हवीत. गटात दोन बीकन आणि एक फावडे हा हिशेब निरुपयोगी आहे, कारण गाडले जाणारे कोण असेल हे आधी ठरत नसते. बीकन ४५७ किलोहर्ट्झवर चालते. ते अंगावर, बाहेरच्या थराच्या आत बांधायचे. निर्मात्याने वेगळे सांगितले नसेल तर अल्कलाइन बॅटऱ्याच वापरायच्या, कारण रिचार्जेबल बॅटरी शेवटपर्यंत भरलेली दाखवून अचानक संपू शकते. मोबाइल, कॅमेरा, हातमोज्यांतले हीटर बीकनपासून २० सेंटिमीटर लांब, आणि शोध चालू असताना ५० सेंटिमीटर लांब. प्रोब किमान २४० सेंटिमीटरचा, फावड्याचे पाते धातूचे. प्लास्टिकचे पाते थांबलेल्या हिमस्खलनाच्या बर्फात मोडते. रेकोचा, म्हणजे पथकाच्या शोधयंत्राचे संकेत परतवणारा कपड्यातला पट्टा बचाव पथकाच्या कामाचा, सोबत्यांच्या नव्हे. पाठीवरच्या पिशवीत बसवलेल्या, ओढताच फुगणाऱ्या एअरबॅगने गाडले जाण्याची शक्यता कमी होते. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात गंभीररीत्या अडकलेल्यांचा मृत्युदर तिच्यामुळे २२ टक्क्यांवरून ११ टक्क्यांवर आल्याचे दिसले. राहिलेले ११ टक्के लक्षात घेतले की एअरबॅग आहे म्हणून तीव्र उतार निवडण्याचा विचार सुटायला हवा. दगड, झाडे आणि कडे यांच्या आघातापासून ती पुरते वाचवत नाही.

वेळ किती असतो? १९८१ ते २०२० या काळातल्या स्वित्झर्लंडमधल्या घटनांवर २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, पहिल्या १० मिनिटांत बाहेर काढलेल्यांपैकी ९० टक्क्यांहून जास्त जगले. ३० मिनिटांपर्यंत ते प्रमाण ३१ टक्क्यांवर उतरले. माणूस गुदमरतो, गारठून मरण्याआधीच. बाहेरचे पथक १० मिनिटांत येत नाही, त्यामुळे बचाव करणारे म्हणजे तिथे उभे असलेले तुमचे सहभागीच. त्यांना येते का, हा प्रश्न तुम्ही स्वतःला विचारायला हवा.

क्रम असा: वाहून जाणारा शेवटचा कुठे दिसला ती जागा पक्की करा, वरून आणखी बर्फ येणार नाही ना ते पाहा, एकाने ताबडतोब मदत मागवा. सगळ्यांचे बीकन प्रसारण थांबवून शोधाच्या स्थितीत न्या. एकाचेही चालू राहिले तर सगळा शोध त्याच्या भोवती फिरतो. शेवटच्या जागेपासून खाली उतरत, ४० मीटरच्या पट्ट्यांत, डोळेही उघडे ठेवून शोधा. हातमोजा, काठी, हात दिसला तर तोच मार्ग. बीकनवर दिसणारे अंतर ३ मीटरच्या आत आले की बीकन बर्फाला लागून, हळू, दिशा न बदलता फिरवा. सर्वांत कमी आकडा जिथे येईल तिथून २५ सेंटिमीटरच्या अंतराने बाहेर वळत जाणारे प्रोब, बर्फाच्या पृष्ठभागाला काटकोनात. लागला की प्रोब काढायचा नाही.

सर्वांत जास्त वेळ जातो तो खणण्यात, आणि सराव मात्र त्याचाच होत नाही. एक मीटर खाली गाडलेल्या माणसापर्यंत पोहोचायला टनभर किंवा त्याहूनही जास्त बर्फ हलवण्याची वेळ येऊ शकते. प्रोबच्या डोक्यावर उभे राहून खाली खणले, तर त्याच्या श्वासाची पोकळी तुमच्याच वजनाने दबते आणि खड्डा विहिरीसारखा अरुंद होत जातो. खोली प्रोबवर वाचा, उताराच्या खालच्या बाजूला खोलीच्या दीडपट अंतरावर जा आणि आडवे खणत आत शिरा. एक जण टोकाला, बाकीचे त्याच्यामागे उलट्या व्हीच्या आकारात. बर्फ उचलायचा नाही, वल्ह्याने मारल्यासारखा मागे ढकलायचा. दर काही मिनिटांनी टोकाचा माणूस बदला, तो दमण्याआधी. आधी डोके आणि छाती मोकळी करा, तोंडातला बर्फ काढा. श्वास नसेल तर कृत्रिम श्वासाने सुरुवात करून मग छातीवर दाब द्या. शरीर आडवेच ठेवून अलगद हलवा.

निघण्याच्या सकाळी, रोज, बीकनची तपासणी करा: सहभागी प्रसारणावर, गटनायक शोधावर, एकेक जण त्याच्यासमोरून जाईल, मग गटनायक प्रसारणावर येईल आणि कुणीतरी त्याचेही तपासेल. हा शेवटचा भाग गटनायक बहुतेक वेळा वगळतात. आणि पहिल्या तीव्र उताराआधी, ५० गुणिले ५० मीटरच्या सपाट मैदानात पुरलेले बीकन प्रत्येकाने पाच मिनिटांच्या आत शोधून प्रोब लावून दाखवावे. ज्याला जमत नाही त्याने पुन्हा सराव करावा. तोवर गट पुढे जाणार नाही.

या हंगामाची नोंदणी उघडण्याआधी प्रत्येक मोहिमेच्या माहितीपत्रकात एवढे छापा: वाटेतला सर्वांत तीव्र उतार किती अंशांचा आणि तो कोणत्या दिशेला आहे, कोणत्या पातळीला आणि कोणत्या खुणा दिसल्यावर गट परत फिरेल, पर्यायी वाट कोणती, गटनायकामागे माणसे किती, सराव कोणत्या दिवशी, परताव्याचा नियम काय. एक पान पुरेल. ते लिहिताना कुठे अडलात, नकाशावर कोन मोजायला किंवा अटींचे शब्द ठरवायला मदत लागली, तर आम्ही विनामोबदला सोबत बसायला तयार आहोत. ज्या संस्था हे पान छापणार नाहीत, त्यांच्या हिवाळी मोहिमांत नाव नोंदवू नका, असे आम्ही आमच्याकडे शिकायला येणाऱ्यांना या हंगामापासून सांगणार आहोत.

आपले,
हिवाळी पर्वतभ्रमण आणि हिमस्खलन-बचावाचे प्रशिक्षण देणारे आम्ही काही जण